निजलेलीचे डोळे

शिलारेखा संवर्धन मंडळ, दादर (पश्चिम) या संस्थेचं सभासद व्हायचं तर जो छापील अर्ज भरावा लागतो, त्यात अकरा रकाने आहेत. पहिले सहा लवू मेस्त्रीने सुवाच्य अक्षरात भरले. सातव्यापाशी त्याचं पेन थांबलं. ‘आपल्या हातून आजवर एखाद्या पुरातन स्थळाची हानी झाली आहे काय? होय / नाही.’ लवूने आधी पंख्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे, आणि मग ‘नाही’भोवती एक गोल काढला. गोल सुंदर आला. चाळीस वर्षं गणपतीचे डोळे काढणाऱ्या माणसाचा गोल वाकडा येत नाही, मग आतला मजकूर काहीही असो.

लवू एकसष्ट वर्षांचा. राहायला लालबागला, कामाला लालबाग-परळच्या मूर्तींच्या कारखान्यांत. मूर्ती घडवणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे; सगळं आटपलं की लवूला बोलावणं जायचं, आणि तो येऊन डोळे आखायचा. या कामाला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत कारखान्यातली माणसं मूर्तीच्या मांडीवर बेलाशक चहाचे कप ठेवतात. डोळे आले की तीच माणसं चपला काढून उभी राहतात. एवढी सत्ता हातात असूनही लवूला गर्व नव्हता. खोड मात्र होती. बिनडोळ्यांचा चेहरा दिसला की त्याचा हात शिवशिवायचा. बायको सीमा सांगायची, की लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ह्यांनी स्वयंपाकघरातल्या दुधीला डोळे काढले आणि त्या दुधीची भाजी करायची आपली हिंमत झाली नाही.

अशा माणसाला दगडावरची चित्रं जपणाऱ्या मंडळात शिरायची गरज का पडली, हे सीमाला कळत नव्हतं. लवूने तिला सांगितलं की हंगाम संपलाय, कारखाना बंद आहे, वेळ जात नाही. हे खरं होतं, पण अर्धं.

उरलेलं अर्धं असं. देवगड तालुक्यातलं दाभिळवणे हे लवूचं गाव. गावाच्या वर सडा, म्हणजे काळ्या कातळाचं उघडं पठार, आणि सड्यावर कातळात कोरलेली माणसाच्या आकाराची एक लांबलचक आकृती. कोणी कोरली, कधी, का, हे कोणालाच ठाऊक नाही. गाव तिला ‘निजलेली’ म्हणतं. लहानपणी मे महिन्यात लवू तिच्या कडेकडेने सायकलचा टायर फिरवायचा. मागच्या गणपतीला तो चौदा तासांचा बसप्रवास करून पहाटे घरी पोचला, तेव्हा चुलतभाऊ राजेशने चहाच्या कपाबरोबर काही कागद पुढे केले आणि म्हणाला, भाऊ, हय सही, हय सही आणि हय. लवूने तीन सह्या ठोकल्या. वाचलं काहीच नाही. मेस्त्रींच्या घरात भावाने पुढे केलेला कागद वाचत नाहीत. वाचला तर विश्वास नाही असा अर्थ होतो आणि मग आरतीला तोंडं फिरतात. लवूला वाटलं, विजेच्या मीटरचं काहीतरी असेल.

डिसेंबरात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राजेशने फोटो टाकला. सड्यावर पाटी लागली होती: नियोजित चिरेखाण. शिमगा झाला की कातळ कापून चिरे काढायचं मशीन लागणार. फोटोखाली सत्तावीस जणांनी अंगठे दिले होते. फोटोच्या कोपऱ्यात निजलेलीचे पाय दिसत होते आणि तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. लवूचं गेलं. मीटरचा कागद हा होता तर.

राजेशला फोन करून नको म्हणावं, तर सही आपलीच, तीही तीन ठिकाणी. म्हणून लवूने मुंबईकर माणूस शोधतो तसा बाहेरून रस्ता शोधला. दादरच्या एका वाचनालयाच्या फलकावर त्याने वाचलं होतं, की या मंडळाची एक नोंदवही आहे, आणि तिच्यात शिल्प चढलं की मंडळ सरकारी खात्याला रीतसर पत्र धाडतं. निजलेली शिमग्याच्या आत नोंदवहीत गेली पाहिजे. एवढंच त्याला हवं होतं.

मंडळाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पाच वाजता, एका शाळेच्या चौथीच्या वर्गात भरते. सभासद अठरा, येणारे अकरा, आणि हे अकरा जण, बहुतेक ज्येष्ठ नागरिक, चौथीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसतात. त्यांतल्या दहा जणांनी कातळशिल्प फक्त पडद्यावर पाहिलं होतं. सहल दर वर्षी ठरायची. एकदा गुडघ्यांमुळे रद्द झाली, एकदा निवडणुकीमुळे, एकदा खजिनदारांच्या मुलीचं अमेरिकेत बाळंतपण निघालं. त्यामुळे मंडळाच्या हातून आजवर एकाही शिल्पाला धक्का लागलेला नव्हता, आणि वार्षिक अहवालात ही गोष्ट ठळक अक्षरात असायची.

मंडळाचे चिटणीस उन्मेष करंदीकर. बत्तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या पडताळल्यामुळे त्यांचा माणसाच्या हातावरचा विश्वास उडाला होता. त्यांनी लवूला उभं करून शपथ दिली: स्थळाला हात लावणार नाही, रेषांत खडू भरणार नाही, पाणी ओतणार नाही, तीन फुटांच्या आत पाऊल टाकणार नाही. टाळ्या झाल्या. मग करंदीकर म्हणाले, “मेस्त्री, तो पंखा फार खडखडतोय. बघता का जरा?”

लवूने नम्रपणे सांगितलं की मेस्त्री हे आडनाव आहे. आणि मग बाकावर चढून पंखा दुरुस्त केला, कारण तो खरंच खडखडत होता.

पुढच्या बैठकीला लवू निजलेलीचं चित्र घेऊन आला. सोबत एक पानाचं टिपण: गाव, सड्याची दिशा, जवळची खूण, आणि शिमग्यानंतर तिथे लागणारी खाण. चित्र त्याने आठवणीतून काढलं होतं; हात अंगाला चिकटलेले, पाय जुळलेले, खांदे चौकोनी. फोटो मिळण्यासारखा नव्हता. पायांच्या वर सगळं गवत होतं, आणि गावात फोटो काढून पाठवेल असा माणूस एकच, राजेश.

करंदीकरांनी चित्र टेबलावर ठेवलं, चष्मा वर केला, खाली केला. मग एक बाई हळूच म्हणाल्या, किती प्रसन्न आहे हो. दुसऱ्या एकांनी नकळत हात जोडले.

कारण चित्रातली निजलेली अकराही जणांकडे टक लावून पाहत होती. डोळे मोठे, पाणीदार, वरच्या पापणीला काळी किनार, बुबुळात पांढरा ठिपका. भाद्रपद चतुर्थीला मांडवात बसवावं असं ते काम होतं. लवूने कधी काढले, त्याला आठवेना. चेहरा रिकामा होता आणि ब्रश ओला होता, एवढंच आठवत होतं.

“मेस्त्री,” करंदीकर म्हणाले, “ही नोंद नव्हे. ही मूर्ती आहे.”

कोकणातल्या शिल्पांच्या चेहऱ्यांत असे डोळे आजवर मंडळाच्या पाहण्यात नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मंडळाच्या पाहण्यात काय काय आहे ते सांगितलं नाही. ज्या चित्रात डोळे मनाचे, त्यात हातपाय कशावरून खरे? अशा चित्रावर मंडळाचा शिक्का बसला तर खात्यात हसं होईल. फोटो आणा, मोजपट्टीसकट. नाहीतर स्थळ पाहिलेला दुसरा साक्षीदार आणा. विषय पुढे ढकलण्यात आला. लवूने चित्राची गुंडाळी केली, तेव्हा तिच्यातूनही ती आपल्याकडे बघते आहे असं त्याला वाटत राहिलं.

जिन्यात त्याला संघमित्रा तांबेने गाठलं. ही मंडळातली सर्वांत तरुण सभासद, एका कॉलेजात पुरातत्त्व शिकवायची. शेवटच्या बाकावर बसून चणे खाणारी. कोकणातल्या सड्यांवर खरोखर जाऊन आलेल्या मंडळातल्या दोन माणसांपैकी ती एक. दुसरा माणूस वारला होता.

“काका, जमीन कोणाची आहे?” तिने विचारलं.

लवू म्हणाला, घरचीच. सामायिक.

“मग खाण कशी लागते? सगळ्यांच्या सह्या लागतात.”

एक जिना उतरून झाला. दुसऱ्या वळणावर, जिथे शाळेची घंटा टांगलेली होती, तिथे थांबून त्याने तिला चहाचा कप, चौदा तासांची बस आणि तीन सह्या सगळं सांगितलं. सातव्या रकान्याचंही सांगितलं. तिने चण्याची पुडी पुढे केली. दोष देण्याची ही पद्धत लवूला आवडली.

हल्ली सातबारा फोनवर दिसतो. संघमित्राने तिथेच पायरीवर बसून गाव आणि गट नंबर घातला आणि नावं मोठ्याने वाचायला लागली. लवू प्रत्येक नावावर मान हलवत होता: हा घाटकोपरला, त्याने सही केली, हा वारला, मुलाने केली, हा राजेश. अठ्ठावीसाव्या नावावर ती थांबली. “अंबिका सखाराम मेस्त्री. ह्या कोण?”

“अठ्ठावीस? आम्ही सत्तावीसच आहोत.”

“इथे अठ्ठावीस आहेत.”

लवूने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग सावकाश म्हणाला, “आत्या.”

“त्यांची सही घेतली?”

“आत्याची?” लवू म्हणाला. “आत्याला कोण विचारतं?”

हे त्याने अगदी साधेपणाने म्हटलं, जसं काय एखादी सर्वमान्य माहिती द्यावी. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. संघमित्रा चणे चावत त्याच्याकडे बघत होती. आजोबा गेले तेव्हा तलाठ्याने मुलांबरोबर मुलीचंही नाव चढवलं होतं. ते सरकारच्या लक्षात राहिलं होतं आणि मेस्त्रींच्या एकाही घरात राहिलं नव्हतं.

अंबिका आत्या एक्याऐंशी वर्षांची. करी रोडला गिरणीवाल्या नवऱ्याच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात एकतिसाव्या मजल्यावर तिला खोली मिळाली होती. तिथून समुद्र दिसतो असं लोक सांगायचे. आत्या दाराकडे तोंड करून बसायची, कारण येणारं माणूस दारातून येतं. आणि ते फारसं येत नव्हतं. लवू लालबागला, म्हणजे चालत बारा मिनिटांवर. त्याला येऊन चौदा महिने झाले होते.

रविवारी सकाळी लवू लिफ्टमधून उतरला तर आत्याच्या दाराबाहेर ओळखीच्या चपला. आत राजेश बसला होता. रात्रीच्या गाडीने आलेला, मांडीवर पिशवी, पिशवीत सोलं, फणसाचे पापड आणि जरीकाठाचं लुगडं. तहसील कचेरीतून त्याचेही कागद परत आले होते. एक खातेदार राहिला म्हणून.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले, कारण दुसरं काय करणार. आत्या दोघांकडे बघत होती. एका सकाळी दोन भाचरं, तेही सणवार नसताना. “माझा काय बरा-वाईट झाला म्हणान कोणी सांगल्यान काय रे?” तिने विचारलं.

राजेशने आधी बोलायला सुरुवात केली. आत्ये, एक बारीकशी सही आसा, नावापुरती. आत्याने विचारलं, खयच्या नावापुरती? मग सातबारा निघाला. आपलं नाव तिथे आहे हे आत्याला आजच कळत होतं. तिने चष्मा मागितला, नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

“सखाराम मेस्त्री,” ती म्हणाली. “लग्नाआधीचा नाव ह्यां. पासष्ट वर्सां जातत, माका ह्या नावान कोणी हाक मारूक नाय.”

राजेश चुळबुळला. कागदांचा गठ्ठा त्याने चहाच्या कपाजवळ सरकवला आणि कुठे कुठे सही करायची ती जागा बोटाने दाखवायला लागला. लवूने तो गठ्ठा उचलला. “वाचून दाखवतो,” तो म्हणाला.

राजेशचा चेहरा पडला. पण लवू वाचत गेला: क्षेत्र, चतुःसीमा, खोली, मुदत. मेस्त्री घराण्यात एखादा कागद मोठ्याने वाचला जाण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ते वाचन साडेबारा मिनिटं चाललं. आत्या कथा ऐकावी तशी ऐकत होती. ‘पश्चिमेकडील उघडा कातळ’ इथे तिने हात वर केला.

“म्हंजे निजलेली?”

लवूने कागदावरची नजर न उचलता मान हलवली.

“निजलेलीक कापतलास तुमी?”

मग राजेश बोलला, आणि बोलला ते आवाज न चढवता, म्हणून जास्त लागलं. “भाऊ, तुमी पाच दिवस येतास, मोदक खातास, सड्यार एक फेरी मारतास आणि जातास. बाकीचे तीनशे साठ दिवस तुमच्या सगळ्यांच्या घराची कौलां मी शाकारतंय. तेव्हा कोणाक निजलेली आठवणा नाय.”

लवूने हातातले कागद खाली ठेवले. “मी वाचलं नव्हतं,” तो म्हणाला. “तुझी चूक नाही. मी सही केली ती न वाचता केली.”

आत्याने दोघांचंही ऐकून घेतलं आणि चहाचा कप बाजूला ठेवला. लहानपणी, तिने सांगितलं, ती आणि वाडीतल्या चौघी पोरी दुपारची गुरं सड्यावर सोडून निजलेलीत आडव्या पडायच्या. तिच्या पायांवर पाय ठेवायचे आणि आपलं डोकं कुठवर पोचतं ते बघायचं. जिचं डोकं तिच्या डोक्यात बसलं, तिच्या लग्नाचं घरात बघायला लागायचे. बाप्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना सांगायची गरजही कोणाला वाटली नव्हती.

“शेवंता बसली, चंद्रा बसली. मी खांद्यापर्यंतच,” आत्या म्हणाली. “चवदा वर्सांचा होतंय. अजून वाढतलंय म्हणान थांबलंय, तर तुमच्या आजान मुंबयचो गिरणीवालो बघल्यान. ती पुरी भरूक माका गावलाच नाय.”

राजेश पिशवीच्या बंदाशी खेळत होता. तिचं नाव निजलेली का, हे त्यालाही आज कळत होतं.

आत्याने निकाल दिला. ह्या कागदावर सही नाही. सड्याच्या उगवतीच्या टोकाला खणा, तिथे नुसता कातळ आहे; तसा कागद आणलास तर करीन, पण आधी लवू वाचून दाखवेल. राजेशने विचार केला आणि म्हणाला की उगवतीकडे रस्ताही जवळ आहे. मग खाण इकडेच का ठरली होती? तर इकडे नको असं कोणी म्हटलं नव्हतं म्हणून. फक्त ठेकेदाराला दाखवायला काहीतरी लेखी हवं, की मावळतीला हे असं असं आहे. नुसत्या तोंडी सांगण्यावर तो एक पाऊल हलायचा नाही. शिमग्याला पाच आठवडे होते. लवूने करंदीकरांचं नाव मनातल्या मनात घेतलं.

लुगडं राजेशने ठेवूनच जायचं ठरवलं. आत्याने ते उलगडून बघितलं आणि म्हणाली, लग्नात इतक्या जरीचं मिळालं असतं तर गिरणीवाला गोड लागला असता.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी करंदीकरांनी हजेरी घेतली तेव्हा पहिल्या बाकावर जरीकाठाच्या लुगड्यात एक म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी सीमा, जिला आपला नवरा इथे काय करतो ते एकदा बघायचंच होतं.

लवूने उभं राहून सांगितलं, की हा साक्षीदार. आणि दुसरं म्हणजे माझा अर्ज परत द्या, सातव्या रकान्यात चूक झाली आहे. करंदीकरांनी अर्ज काढला. लवूने ‘नाही’भोवतीचा तो सुंदर गोल खोडला आणि ‘होय’भोवती दुसरा काढला. हा किंचित वाकडा आला. मग कशामुळे ‘होय’ तेही चार वाक्यांत सांगितलं.

करंदीकर अर्जाकडे बघत राहिले. मंडळाच्या सव्वीस वर्षांत ‘होय’ कोणी लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते लिहिल्यास पुढे काय, याची घटनेत तरतूदच नव्हती. सभासदत्व ठेवावं की काढावं, हा विषय त्यांनी पुढच्या बैठकीवर टाकला आणि साक्षीदाराकडे वळले. आकृतीची लांबी किती?

आत्या म्हणाली, आपल्याला फूट-इंच कळत नाही. दाखवते. आणि कोणी काही म्हणायच्या आत ती बाकावरून उठली, सीमाच्या खांद्याचा आधार घेत खाली बसली आणि चौथीच्या वर्गाच्या फरशीवर, फळ्याच्या समोर, उताणी आडवी झाली. हात अंगाला चिकटवले. पाय जुळवले. जरीचा काठ नीट सारखा केला.

अकरा सभासद उभे राहिले. सव्वीस वर्षांत प्रथमच ते एखाद्या स्थळाभोवती जमले होते, आणि शपथेप्रमाणे तीन फुटांवर थांबले.

“चवदाव्या वर्षी मी आताच्यापेक्षा दोन बोटां कमी होतंय,” आत्या खालून म्हणाली. “सीमा, खडू घे. माझ्या डोक्याच्या वर तिची मान, आणि मानेवर तिचा डोक्या. मी सांगतंय थय रेघ मार.”

खडू हा शब्द ऐकून करंदीकरांनी तोंड उघडलं, पण ही फरशी कोणत्याही नोंदवहीत नव्हती. त्यांनी तोंड मिटलं. सीमाने खडू घेतला आणि आत्याभोवती रेघ मारत गेली. हात सुटे ठेवू की जुळलेले, खांदा चौकोनी की गोल, प्रत्येक ठिकाणी विचारत. संघमित्रा टेपने मोजत होती आणि आकडे पुटपुटत होती. मग तिने सांगितलं की खांदे असे चौकोनी, पाय असे जुळलेले आपण जवळच्याच दोन सड्यांवर स्वतः पाहिले आहेत, आणि या आजींनी ते पडद्यावर पाहिलेले असणं शक्य नाही. मागच्या बाकांवरून दोघांनी माना हलवल्या. पडद्याविषयी त्यांचा अधिकार मोठा होता.

करंदीकर वाकले. आवाज त्यांनी बँकेतल्यासारखा ठेवला, पण जरा खाली. “आजी, एक शेवटचं. तिला डोळे होते की नव्हते?”

“नव्हते,” आत्या म्हणाली. “कित्याक असतले? जी आत निजात, तिचे.”

वर्गात पंखा अजिबात खडखड न करता फिरत होता. करंदीकरांनी टेबलापाशी जाऊन नोंदवही उघडली, पान दोनशे चौदा, आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दाभिळवणे, एक मानवाकृती, मापे साक्षीदाराच्या देहावरून. ‘देहावरून’ खोडावं की काय असं त्यांच्या मनात आलं, खोडलं नाही. खात्याला पत्र सोमवारी जाईल आणि एक प्रत श्री. राजेश यांना, असंही त्यांनी सांगितलं. मग त्याच पानाचा कोरा भाग लवूपुढे सरकवला. “मेस्त्री, आकृती काढा. इथेच. बघून.”

लवूने पिशवीतून ब्रश आणि दौत काढली आणि तो खाली फरशीवर मांडी घालून बसला. पाय काढले, हात, खांदे. मान. डोक्याचा गोल काढला. तो नीट आला. मग ब्रश आपोआप दौतीत गेला, भरून वर आला आणि त्या गोलाच्या मध्यावर येऊन थांबला. सीमाला ही थांबण्याची जागा ओळखीची होती. तिने दुधीचं नाव काढलं नाही.

लवूने ब्रश तसाच धरून ठेवला. टोकावर एक थेंब जमा होत होता. त्याने खाली पाहिलं. आत्या अजून तशीच पडून होती, रेघेच्या आत, डोकं निजलेलीच्या खांद्याशी, आणि छताकडे बघत होती; मोठे, पाणीदार नव्हेत, मोतीबिंदू काढलेले साधे डोळे.

“झाला काय रे तुझा?” तिने विचारलं. “फरशी थंड आसा.”

“झालं,” लवू म्हणाला आणि ब्रश पुसला.